काडी तपासणी

तासगावात, चिंचणी रस्त्याला, आमची लॅब.
सप्टेंबर लागला की द्राक्षवाले काड्या घेऊन येतात
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
वर बागेचं नाव, छाटणीची तारीख.
मी ब्लेडनं डोळा कापते, भिंगाखाली धरते
आणि सांगते : चौथ्यात घड. पाचव्यात गोळीघड.
माणसं मागं उभी, श्वास रोखून,
जणू माझ्याच हातात आहे.

गोळी मी जुलैत बंद केली.
चार वर्षं रात्री साडेनऊला फोन वाजायचा,
मी पाण्याचा घोट घ्यायचे.
अजून वाजतो. बंद करायला हात होत नाही.
साडेनऊ झाले की जिभेवर काहीतरी नसतं.

त्यानंतर आली ती खरी पाळी नव्हती म्हणे,
गोळ्या थांबल्याची ती.
मग एकावन्न दिवस काहीच नाही.
सासूबाई माझा महिना मोजतात
बस्तीला न गेलेल्या दिवसांवरून.
"दशलक्षणाचे दहाच्या दहा दिवस घडले गं तुला,"
म्हणाल्या, आणि माझ्या भातावर
एक चमचा तूप जास्त.

शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या,
चार वर्षं तिला सांगितलंस, झोप.
उठायला वेळ घेईल.
तारखा नको मोजूस, खुणा बघ.

म्हणून पहाटे, पाय जमिनीला लागायच्या आधी,
जिभेखाली थर्मामीटर.
सत्त्याण्णव पॉइंट एक.
सत्त्याण्णव पॉइंट दोन.
परत एक.
लॅबचं जुनं रजिस्टर,
पुढून माणिक चमन, मागून मी.

पुस्तिकेत लिहिलं होतं :
स्राव अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, पारदर्शक, ताणला जाणारा.
आमच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही.
बाथरूममध्ये उभी, दोन बोटं लांब करत
मी आठवत राहिले, कशासारखं, कशासारखं हे,
आणि कुंडीतली कोरफड आठवली,
कापल्यावर जी तार सुटते ती.
बावन्नाव्या दिवशी ती तार
माझ्या बोटांमध्ये इंचभर लांबली, तुटली नाही.
मी एकटीच हसले.
बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

नेमकी त्याच दिवशी भरतेशची
कोल्ड स्टोरेजला रात्रपाळी.
सौद्याचा माल, बाराशे बॉक्स.
फोन केला. "लवकर येता का?"
"का गं, काय झालं?"
"काही नाही. असंच."
सहा वर्षांचा संसार,
आणि या एका गोष्टीला आमच्याकडं शब्द नाही.
मागं कुणीतरी मोठ्यानं बॉक्स मोजत होतं,
चारशे अकरा, चारशे बारा.
मग हळूच : "वही?"
"हं."
पावणेबाराला आले,
अंगाला बेदाण्याचा, गंधकाचा वास.

दुसऱ्या दिवशी डाव्या कुशीत मोहरीएवढी कळ.
तिसऱ्या सकाळी सत्त्याण्णव पॉइंट आठ.
आकडा तिथंच बसला, बारा दिवस, शहाण्या पोरासारखा.
मी त्याला हात लावला नाही,
कुणाला सांगितलं नाही,
कढीपत्त्याची फोडणीसुद्धा जपून दिली.

तेराव्या दिवशी उतरला.
दुपारी लॅबमध्येच कळलं.
हात धुतले. रडू येईल वाटलं होतं, आलंही थोडं,
पण त्याच्या खाली दुसरंच काही होतं :
पूर्ण तेरा दिवस.
म्हणजे ती उठली आहे.
डोळे चोळत का होईना.

कवठेएकंदचे एक काका थांबले होते.
"सहाव्यात काय दिसतंय, ताई?"
भिंग सारखं केलं.
"बाळी आहे. घड जिरलाय."
"मग?"
"सातवा बघू. काडी चांगली आहे तुमची."
म्हणाले, "बघा. मला घाई नाही,"
आणि टोपी काढून स्टुलावर बसले.

संध्याकाळी बस्तीला गेले नाही.
सासूबाईंनी काही विचारलं नाही.
ताट लांबूनच सरकवलं.
तूप मात्र तेवढंच.